पाण्यात चार बडोदेकर

बडोद्यात राहून ट्राउट माशाच्या नादी लागणं म्हणजे जरा अतीच आहे, हे मला मान्य आहे. इथे विश्वामित्री आहे पण तिच्यात मगरी राहतात, अगदी भर शहरात, पुलावरून जाता-येता दिसतात, त्यामुळे गळ घेऊन काठावर बसायचा प्रश्नच नाही. आणि ट्राउटला लागतं बर्फाचं वितळलेलं, खळाळतं पाणी, वीस डिग्रीच्या वर गेलं की त्याचा जीव घाबरा होतो. आमच्याकडे मे महिन्यात नळाचं पाणी चहाला वेगळं तापवावं लागत नाही. तरी आम्ही चौघं फ्लाय फिशिंग करतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साध्या गळाला शिशाचं वजन लावतात, ते वजन फेकलं की मागून दोरी जाते. इथे सगळं उलटं. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी केलेली असते, तिला वजनच नसतं, फेकली तर पायाशी पडेल. म्हणून लाइनच जाड आणि जड असते, ती हवेत मागे-पुढे खेळवायची आणि तिच्या जिवावर माशी पुढे जाते. मागे गेलेली लाइन पूर्ण सरळ व्हायला हवी, तोपर्यंत थांबायचं, आणि हे थांबणंच लोकांना जमत नाही. आम्हाला बरं जमलं, कारण उत्तरायणात गच्चीवर पतंगाला ढील द्यायला शिकलेला हात आहे, कधी सोडायचं कधी खेचायचं ते बोटांनाच कळतं. प्रॅक्टिस पहाटे पोलो ग्राउंडवर, टोकाला गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. एक पोरगं बराच वेळ आभाळाकडे बघत होतं, मग म्हणालं, "काका, पतंग कुठाय?"

या खोट्या माश्या आमच्यातला पद्या बांधतो. टेबलाच्या कडेला छोटा शिकंजा, त्यात गळ आवळलेला, वहिनींच्या शिलाई मशीनच्या डब्यातला दोरा, आणि कोंबड्याच्या मानेचं पीस. ते पीस गळाच्या दांड्याभोवती गुंडाळलं की त्याचे तंतू चहूबाजूंनी उभे राहतात आणि त्यांच्यावर माशी पाण्यावर तरंगते. एवढंसं काम, पण तो श्वास रोखून करतो, त्या वेळी घरात कोणी पंखा लावायचा नाही. त्याच्याकडूनच कळलं की स्कॉटलंडमध्ये सॅल्मन मासा धरायच्या जुन्या माश्यांवर आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची पिसं असायची, ज्यांच्यावर मेणासारखे चकचकीत ठिपके असतात. सह्याद्रीतला कोंबडा आणि तिकडचा सॅल्मन, कुठे कुठे जाऊन गाठ पडते बघा. आता तो पक्षी १९७२ च्या कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे आपण चिकनच्या दुकानातल्या पिसांवर भागवायचं.

आम्ही जातो हिमाचलला, तीर्थन नदीवर. चंदीगडहून गाडी, औट, मग बंजार, गुशैणी. मासा तिथला मूळचा नाहीच, साहेबांनी आणलेला, काश्मीरला १९०० च्या आसपास आणि कुल्लूत १९०९ मध्ये अंडी आली. मत्स्य विभागाचं लायसन्स काढायचं, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद, कारण तेव्हा ट्राउट अंडी घालतात.

आता गंमत अशी की आम्ही चौघं बडोद्यात एकत्र आलो की कोणी कोणाला बोलू देत नाही, सेव उसळीच्या गाडीवर उभे असलो तर गाडीवाला दोनदा विचारतो तरी ऑर्डर सांगायची राहते. आणि इथे नदीत उतरलो की पन्नास-साठ पावलांच्या अंतरावर एकेकटे उभे, गुडघाभर पाण्यात, पायाला कळ लागतेय पण आवाज नाही. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून मागून, खालच्या अंगाने जायचं, सावली पडू द्यायची नाही. एवढा खर्च करून, सुट्ट्या जुळवून बरोबर यायचं आणि मग दिवसभर एकमेकांची पाठ बघायची. मला हे फार आवडतं, खरं सांगू का, ज्यांच्याशी एवढं बोलणं झालंय त्यांच्याबरोबरच असं गप्प राहता येतं, अनोळखी माणसाबरोबर दहा मिनिटांत हवामानाचा विषय निघेल.

मासा वर येतो तेव्हा नाक दिसतं, एक वर्तुळ उठतं आणि माशी गायब. जवळ आणला की अंगावर लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट कडं. हात आधी ओला करायचा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. टोकाशी उलटा काटा नसलेला गळ हळूच काढायचा, तोंड प्रवाहाकडे धरून सोडून द्यायचा. हे शेजारच्या शाहभाईंना सांगितलं तर म्हणाले, "पकडीने छोडी देवानी? तो पकडवानी केम?" याला माझ्याकडे उत्तर नाही, त्यातून रात्री होमस्टेवर ताटात ट्राउट येतोच, फक्त तो फार्मचा असतो. नदीतला सोडतो आणि फार्ममधला खातो, आता काय बोलणार.

आमच्यातल्या सुहासला मात्र सॅल्मनच पाहिजे. त्याचा मुलगा एडिनबराला असतो. सॅल्मन समुद्रातून नदीत परतला की खाणं बंद करतो, तरी माशीला तोंड घालतो, का ते अजून कोणाला नीट सांगता आलेलं नाही. ब्रिटनचा रेकॉर्ड सॅल्मन १९२२ मध्ये टे नदीवर एका बाईने धरला, चौसष्ट पौंड, म्हणजे एकोणतीस किलो, तोही माशीवर नव्हे. सुहास गेला तर मुलाला सुट्टी फक्त रविवारी, आणि स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅल्मन धरायला कायद्यानेच बंदी. दोघांनी नदीकाठी बसून ठेपले खाल्ले आणि दुसऱ्यांच्याही रॉड दिसेनात म्हणून परत आले.

संध्याकाळी शेकोटीपाशी तोंडं सुटतात. पद्याचा मासा रोज रात्री थोडा वाढतो, फोटोत शेजारी काही ठेवलेलं नसतं म्हणून कोणाला बोलता येत नाही. आता आमच्यातल्या सीएने वैतागून सगळ्यांच्या रॉडवर मार्करने इंचाच्या खुणा केल्यात, तर पद्या म्हणतो खुणा घातल्यात तेव्हा लाइट गेलेली होती, त्यामुळे त्याला त्या मान्य नाहीत.