पी५३ ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे नेमकं काय?

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात ‘पी५३ पॉझिटिव्ह’ एवढंच लिहिलं असेल, तर त्या ओळीचा उपयोग जवळपास शून्य. पी५३ हे पेशींची बेसुमार वाढ रोखणारं प्रथिन; ते धडधाकट पेशीतही तयार होतंच. एमडीएम२ नावाचं प्रथिन ते सतत मोडीत काढत असतं, म्हणून त्याचं आयुष्य मिनिटांत मोजायचं. गाठीत बहुतेक वेळा एखादं अमिनो आम्ल बदलतं; मग पी५३ निकामी होतं, पण मोडलं जात नाही, केंद्रकात साचत राहतं. पी५३ला चिकटणाऱ्या अँटिबॉडीने रंगवलेल्या स्लाइडवरचा एकसारखा गडद तपकिरी रंग बहुधा या कामातून गेलेल्या प्रथिनाचा. त्याच्या जनुकात (टीपी५३) मध्येच स्टॉप, म्हणजे ‘साखळी इथेच थांबवा’ असा संकेत, आला तर उलटं होतं: प्रथिन उरतच नाही, स्लाइड कोरी. तिला ‘निगेटिव्ह’ म्हटलं की वाचणाऱ्याला हायसं वाटतं. खरं तर दोन्ही टोकं बिघडलेली असतात, ठीक असतं ते मधलं.

मधलं म्हणजे काही केंद्रकं गडद, काही फिकी, काही अजिबात न रंगलेली, अशी सरमिसळ. हा वाइल्ड टाइप, म्हणजे न बिघडलेल्या पी५३चं चित्र. एंडोमेट्रियमच्या (गर्भाशयाच्या अस्तराच्या) कॅन्सरमध्ये साधारण ८० टक्क्यांहून जास्त ट्यूमर केंद्रकं सरसकट गडद असतील तर ओव्हरएक्स्प्रेशन (प्रथिन जास्त साचलेलं) लिहायचं. कोरी स्लाइड दिसली तर आधी शेजारच्या स्ट्रोमल (आधार देणाऱ्या ऊतीतल्या) पेशी आणि लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) बघा. त्यांच्यात फिका रंग उमटला असेल तरच ट्यूमरचा कोरेपणा खरा. त्याही कोऱ्या असतील तर रंगच नीट चढलेला नाही. ‘नल’ (प्रथिन अजिबात नाही) लिहू नका, स्लाइड पुन्हा रंगवा. क्वचित रंग केंद्रकाऐवजी त्याभोवतीच्या सायटोप्लाझममध्ये दिसतो, तोही बिघाडच.

फसगत बहुतेक वेळा टिश्यूच्या हाताळणीत होते. काढलेला तुकडा तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा आणि त्यात ६ ते ७२ तास राहायला हवा. मोठी गाठ न कापता तशीच बुडवली तर कडा रंगते आणि मधला भाग कोरा राहतो. हाडाचा नमुना तीव्र आम्लात मऊ केला तर डीएनए गेलाच म्हणा. सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचणं) करायचं असेल तर ईडीटीए हे सौम्य रसायन वापरा, वेळ लागला तरी चालेल.

आयसोफॉर्मबद्दल, म्हणजे एकाच जनुकातून बनणाऱ्या प्रथिनाच्या वेगवेगळ्या रूपांबद्दल थोडं. नेहमीची डीओ-७ अँटिबॉडी ३९३ अमिनो आम्लांच्या साखळीच्या सुरुवातीला, विसाव्या-पंचविसाव्या कडीपाशी चिकटते. डेल्टा-१३३ या आखूड रूपाला ते टोकच नसतं, त्यामुळे डीओ-७ला ते दिसत नाही. आयसोफॉर्मवर शोधनिबंध भरपूर आहेत. रोजच्या उपचारांचा निर्णय त्यांच्यावर घ्यावा, असं मला अजून वाटत नाही.

सिक्वेन्सिंगच्या रिपोर्टात बदलाचं नाव वाचून थांबू नका, व्हीएएफ, म्हणजे वाचलेल्या प्रतींपैकी किती टक्के बदललेल्या आहेत, ते बघा. समजा नमुन्यात ६० टक्के पेशी ट्यूमरच्या आहेत. दोनपैकी एकच प्रत बदललेली असेल तर व्हीएएफ ३० टक्क्यांच्या आसपास येईल. दुसरी प्रत गळून पडली असेल तर ०.६ भागिले १.४, म्हणजे सुमारे ४३. उरलेल्या बिघडलेल्या प्रतीचीच नक्कल झाली असेल तर ६०. हाच आकडा ४ आला तर शंका घ्या: लहान क्लोन (एकाच पेशीपासून वाढलेला पेशींचा गट) असेल, किंवा फॉर्मॅलिनमुळे डीएनएतल्या सी या अक्षराच्या जागी टी वाचला गेला असेल. रक्तातल्या मुक्त डीएनएमध्ये टीपी५३चा बदल सापडला तर तो वयोमानाने रक्तपेशींत उगवलेल्या क्लोनचाही असू शकतो. त्याच नळीतल्या पांढऱ्या पेशी सोबत तपासल्याशिवाय तो गाठीच्या नावावर टाकू नका. आणि पी५३च्या साखळीत ७२व्या जागी प्रोलिन हे अमिनो आम्ल की आर्जिनिन, हा लोकांमधला नेहमीचा फरक आहे. तो म्युटेशन म्हणून रिपोर्टात घुसवू नये.

उपचारांत याचा अर्थ अवयवागणिक बदलतो. एंडोमेट्रियमच्या कॅन्सरमध्ये क्रम पाळावाच लागतो: आधी पोल (डीएनएची नक्कल करणाऱ्या एन्झाइमचं जनुक), मग मिसमॅच रिपेअर (नकलेतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा), शेवटी पी५३. पोलमध्ये रोगकारक बदल असेल तर पी५३ बिघडलेलं दिसलं तरी रुग्ण पोलच्याच, म्हणजे चांगल्या गटात राहतो. क्रम चुकला तर त्याला विनाकारण केमो लागते. उलट निव्वळ पी५३ बिघडलेलं असेल आणि गाठ स्नायूत शिरलेली असेल, तर फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२३च्या वर्गीकरणात गर्भाशयापुरता आजारही पहिल्या टप्प्यावरून दुसऱ्यात जातो.

एमडीएम२ रोखणाऱ्या प्रायोगिक औषधांना मुळात शाबूत पी५३ लागतं. ते निकामी असेल तर मोकळं करून उपयोग काय?

क्रॉनिक लिम्फोसिटिक ल्युकेमियात (लिम्फोसाइटच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये) तर या तपासणीवरच औषध ठरतं. पी५३ बिघडलं असेल तर जुनी केमो-इम्युनोथेरपी टाळून बीटीके इनहिबिटर किंवा व्हेनेटोक्लॅक्स या ठरावीक प्रथिनांवर नेम धरणाऱ्या औषधांकडे वळतात. इथे नुसत्या फिशवर (गुणसूत्रांचे भाग चमकत्या रंगाने पाहणारी तपासणी) भागवणं ही नेहमीची चूक. फिश १७पी (पी५३चं जनुक असलेला गुणसूत्राचा भाग) गळालेलं दाखवतं, अक्षरबदल दाखवत नाही, आणि बऱ्याच रुग्णांत फक्त अक्षरबदलच असतो. म्हणून दोन्ही तपासण्या मागवा. आधी काही सापडलं नसेल तर उपचारांची प्रत्येक नवी फेरी सुरू करण्यापूर्वी त्या पुन्हा करा. पहिल्या औषधाने बाकीच्या पेशी मारल्या की दबून बसलेला लहान क्लोन वर येतो.