सेक्शन ए आणि एक जूनचे जन्म

अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या आपल्या माणसांची एमडीएसशी, म्हणजे 'मिनिमम डेटा सेट' या मूल्यमापनाच्या फॉर्मशी, कधी ना कधी गाठ पडतेच. मेडिकेअर किंवा मेडिकेड या सरकारी आरोग्यविमा योजनांची मान्यता असलेल्या नर्सिंग होमला प्रत्येक रेसिडेंटसाठी, म्हणजे तिथे राहणाऱ्या माणसासाठी, हा फॉर्म भरून केंद्र सरकारच्या यंत्रणेकडे पाठवावा लागतो. दाखल झाल्याचा दिवस पहिला धरायचा आणि चौदाव्या दिवसापर्यंत पहिलं सविस्तर मूल्यमापन पूर्ण करायचं. जखमा, औषधं, पडणं, स्मरणशक्ती या भागांवर नर्सेसचा जीव अडकलेला असतो. सुरुवातीचा सेक्शन ए म्हणजे नाव-गाव-जन्मतारीख. 'ते काय, कोणीही भरेल' या न्यायाने तो सोशल सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे माझ्या टेबलावर आला.

नावापासूनच कसरत. मेडिकेअर कार्डावर आहे तसं नाव लिहायचं, कार्ड नसेल तर दुसऱ्या सरकारी कागदावरचं. ऐकायला सोपं आहे. पण आपल्याकडच्या एखाद्या आजींची फाइल उघडा. माहेरचं नाव वेगळं, लग्नात बदललेलं वेगळं, पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यातच नवऱ्याचं नावही बसवलेलं, आणि हॉस्पिटलच्या कागदावर तेच नवऱ्याचं नाव आडनाव होऊन आलेलं. मुलगी सांगते ते पाचवंच. अशा वेळी कोण बरोबर याची चर्चा करत बसायचं नाही, कार्ड मागायचं. फोटोकॉपी अस्पष्ट असेल तर मूळ कार्ड मागायचं. मेडिकेअरचा नंबर ११ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात एस, एल, ओ, आय, बी, झेड ही इंग्रजी अक्षरं मुद्दामच ठेवलेली नाहीत. त्यामुळे 'ओ' दिसला की तो शून्यच. हे मला एका जुन्या बिलिंगवाल्या बाईंनी सांगितलं आणि नजरेचा बराच त्रास वाचला.

खरी गंमत जन्मतारखेत आहे. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक होते, महाराष्ट्रातले, मुलाकडे येऊन इथेच राहिलेले. मी नोकरीवर येण्याआधीच त्यांचं पहिलं मूल्यमापन स्वीकारलं गेलं होतं, आणि त्यात जन्मतारीख होती ६ जानेवारी १९३८. मुलाने हॉस्पिटलच्या फॉर्मवर आपल्या पद्धतीने ०१/०६ लिहिलं, तिथल्या माणसाने ते अमेरिकन पद्धतीने वाचलं, आणि तीच तारीख डिस्चार्जच्या कागदांवरून आमच्याकडे उतरली. भारतीय पासपोर्टवर तारीख आकड्यांत असते, त्यामुळे तो दाखवूनही इथल्या माणसाला काही खटकत नाही. ग्रीन कार्डावर मात्र महिना अक्षरांत छापतात. तिथे स्वच्छ 'जून' होता.

मी त्यांना मराठीत विचारलं, "गुरुजी, तुमचा जन्म एक जूनचा का?"

"छे," ते म्हणाले. "आई सांगायची, पोळ्याच्या आदल्या दिवशीचा. एक जून आमच्या हेडमास्तरांनी दिला. मी तरी काय केलं? माझ्या हाताने कितीतरी पोरांना एक जून दिलाय."

शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, प्रवेशासाठी वय भरायला हवं, आणि घरी तारीख कोणाला माहीत नसायची. एका पिढीचे वाढदिवस असे एकाच दिवशी येतात. मुलगा उत्साहाने म्हणाला, पंचांग काढलं तर पोळ्यावरून खरी तारीख सापडेल. सापडेलही, पण मी नको म्हटलं. त्यांच्या प्रत्येक सरकारी कागदावर एक जून आहे, तर इथेही एक जूनच हवा. यंत्रणा नाव, जन्मतारीख, लिंग, सोशल सिक्युरिटी नंबर अशा गोष्टींवरून माणूस ओळखते. त्यातलं काही वेगळं पडलं की एकाच माणसाचे दोन माणूस होण्याची भीती. उलट, ज्यांच्या कागदांवर फक्त वर्ष आहे त्यांच्यासाठी नियम छान आहे: वर्ष लिहा, महिना आणि दिवसाचे चौकोन मोकळे सोडा. एक जानेवारी ठोकून द्यायचा नाही. आमच्या सॉफ्टवेअरने मोकळ्या चौकोनाला लाल रंग दिला की माणसांचा हात शिवशिवतो, हे मी पाहिलं आहे.

आता दुरुस्ती. स्वीकारलेल्या नोंदीत चूक सापडली तर १४ दिवसांच्या आत ती सुधारायची असते. नोंद मुळात वैध असेल, फक्त त्यातली माहिती चुकली असेल, तर 'मॉडिफिकेशन' पाठवायचं. ज्या मूल्यमापनाची घटनाच घडली नाही त्याच्यासाठी 'इनअ‍ॅक्टिव्हेशन'. आमचं प्रकरण पहिल्यातलं. त्यासाठी सेक्शन एक्स भरावा लागतो, आणि त्यात चुकीची माहिती जशी चुकीची गेली होती तशीच, अक्षरन् अक्षर, पुन्हा लिहायची असते. म्हणजे एक्समध्ये ६ जानेवारी, ए मध्ये १ जून. कारण यंत्रणा आधी जुनी नोंद शोधते, मगच बदलते. माझ्या सहकारी बाई एक्समध्येही प्रामाणिकपणे १ जून घालायला निघाल्या होत्या. तशी फाइल गेली असती तर जुनी नोंद यंत्रणेला सापडलीच नसती. पाठवल्यावर जो पडताळणी अहवाल येतो तो मी आता ओळ न् ओळ वाचते. 'फक्त वॉर्निंग आहे' म्हणून लोक तो बाजूला ठेवतात, आणि रेसिडेंटची माहिती जुळत नसल्याचा इशारा नेमका तिथेच असतो.

वंशाचा प्रश्न विचारायला सुरुवातीला संकोच वाटायचा. ऑक्टोबर २०२३ पासून त्यात नुसतं 'एशियन' नाही, 'एशियन इंडियन' हा वेगळा पर्याय आहे, आणि लागू असतील तितके निवडता येतात. चेहरा पाहून खूण करायची नाही, माणसाला विचारायचं. सांगता येत नसेल तर घरच्यांना, मग फाइल बघायची, आणि रेसिडेंटला उत्तर देता आलं नाही हेही सोबत नोंदवायचं. पण शुद्धीत असलेल्या माणसाने 'मला सांगायचं नाही' म्हटलं, की विषय संपला. मग घरच्यांकडून काढून घ्यायचं नाही. 'सांगता आलं नाही' आणि 'सांगायचं नाही' यांना वेगळे चौकोन आहेत आणि मला हा फॉर्ममधला सगळ्यात माणुसकीचा भाग वाटतो.

वैवाहिक स्थितीत फार काही नाही. फक्त विधुर माणसाला तो प्रश्न दारात उभं राहून विचारू नका, खुर्ची ओढून बसा.

भाषेच्या रकान्यात गुरुजींसाठी कोणीतरी 'हिंदी' लिहून ठेवलं होतं. दुभाषा हवा का, याला मुलाने परस्पर 'नको, मी आहे ना' म्हणून टाकलेलं. मुलगा बाहेर गेल्यावर मी पुन्हा विचारलं. गुरुजी म्हणाले, "डॉक्टरांशी बोलायला मराठी माणूस मिळत असेल तर हवाच. पोराला सगळं सांगता येतं का?" मराठी लिहिलं, दुभाषा हवा अशी खूण केली. त्यानंतर फोनवरचा दुभाषा लागला आणि पोटदुखीची अशी काही माहिती बाहेर आली जी मुलाला ठाऊकच नव्हती.

सेक्शन ए मध्ये ऐच्छिक रकानेही आहेत: कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, आयुष्यभर काय काम केलं. लोक ते सोडून देतात. मी भरते. आमच्या नर्सिंग असिस्टंट मुली आता 'गुरूजी' म्हणतात, उच्चार आपापल्या देशाचा.

मॉडिफिकेशन स्वीकारलं गेल्यावर मला वाटलं झालं. पण फार्मसीकडे, लॅबकडे आणि हातावरच्या ओळखपट्टीवर जुनीच तारीख होती. एमडीएस बदलला म्हणून ती आपोआप बदलत नाही, प्रत्येकाला वेगळं कळवावं लागतं. पट्टी त्याच दुपारी बदलली, फार्मसीने फॅक्स मागितला. लॅबवाले म्हणतात, दुरुस्तीचा अर्ज हॉस्पिटलकडून यायला हवा. हॉस्पिटल म्हणतं, कुटुंबाकडून. मुलाला ग्रीन कार्डाची प्रत घेऊन सोमवारी तिकडे पाठवलं आहे, आणि फॉर्मवर महिना अक्षरांत लिही असं बजावलं आहे.