करबुड्याचा बोगदा आणि जावक मेल

दादरहून मांडवी एक्स्प्रेसने कुडाळला जाताना मी बहुतेक वेळा कार्यालयाचे काम सोबत नेतो. कोकण रेल्वेच्या ७४१ किलोमीटरच्या मार्गावर ९१ बोगदे आहेत आणि चिपळूण सुटल्यानंतर रेंज इतकी लहरी होते, की तिच्या भरवशावर काम करण्यापेक्षा ती नाहीच असे धरून बसलेले बरे. त्यामुळे मेल ऑफलाइन वापरण्याची सवय मला हौसेने नव्हे, तर या मार्गामुळे लागली.

आमच्या कार्यालयात मेलसाठी मायक्रोसॉफ्टचे आउटलुक आहे. २००३च्या आवृत्तीपासून त्यात ‘कॅश्ड एक्स्चेंज मोड’ची सोय आहे; टपालपेटीची एक प्रत संगणकावरच ठेवली जाते आणि जोडणी मिळाली की सर्व्हरशी तिचा मेळ घातला जातो. किती महिन्यांचे मेल जवळ ठेवायचे हे आपण ठरवायचे असते. खासगी पत्रव्यवहारासाठी मी क्रोममधून जीमेल वापरतो, तिथे सेटिंग्जमध्ये ऑफलाइन मेल सुरू करून ७, ३० किंवा ९० दिवसांचा साठा निवडता येतो. ही प्रत आपल्या यंत्रावर राहते, म्हणून दुसऱ्याच्या संगणकावर हा उद्योग करू नये. खरी पंचाईत वेगळीच असते. हल्ली सहकारी फाइल जोडण्याऐवजी तिचा दुवा पाठवतात, आणि मेल अक्षरशः समोर असूनही ज्या तक्त्यासाठी तो उघडला, तो तक्ताच बोगद्यात उघडत नाही. आता मी निघण्याच्या आदल्या रात्री असे दुवे शोधून फाइली उतरवून घेतो.

मला अद्दल घडली ती मात्र जावक मेलमुळे. एका सहकाऱ्याने ग्राहकाला चुकीचे दरपत्रक पाठवले होते. उक्षी मागे पडल्यावर गाडी साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात शिरली आणि त्या अंधारात मी तीन परिच्छेदांचे, चांगलेच तिखट उत्तर लिहून ‘सेंड’ दाबले. मेल आउटबॉक्समध्ये जाऊन बसला. रत्नागिरीला रेंज आली तेव्हा आधी जावक निघाली, मग आवक आली. त्या आवकेत सहकाऱ्याचा मेल होता: चूक त्याच्या आधीच लक्षात आली होती, सुधारित दरपत्रक गेले होते आणि त्याने सर्वांची क्षमाही मागितली होती. माझा मेल म्हणजे वरातीमागून घोडे, आणि तेही लाथा झाडणारे.

तेव्हापासून प्रवासात मी ‘सेंड’ दाबतच नाही. सगळी उत्तरे ड्राफ्टमध्ये ठेवतो, स्थानकावर आवक पूर्ण होऊ देतो, तिच्यावर नजर टाकतो आणि मग एकेक उत्तर सोडतो. आउटलुकमध्ये मेल १२० मिनिटांपर्यंत उशिरा पाठवण्याचा नियम लावता येतो. पण त्याचे घड्याळ ‘सेंड’ दाबल्यापासून चालू होते, त्यामुळे दहा मिनिटांचा नियम लांबलचक रेंजहीन पट्ट्यात निरुपयोगी ठरतो. जुन्या आउटलुकची आणखी एक खोड सांगायला हवी. आउटबॉक्समधला मेल नुसता वाचायला म्हणून उघडला आणि पुन्हा ‘सेंड’ न दाबता मिटला, तर यादीतली त्याची तिरपी अक्षरे (म्हणजे मेल जायच्या रांगेत असल्याची खूण) सरळ होतात आणि तो तिथेच पडून राहतो. मी एक रजेचा अर्ज अशाच पद्धतीने दोन दिवस स्वतःकडे ठेवून घेतला होता.

मागच्या खेपेला कुडाळ आले म्हणून घाईने लॅपटॉप मिटला, तेव्हा एका जड अटॅचमेंटचा मेल अर्धवट गेला होता. झाकण बंद झाले की आउटबॉक्सही झोपतो, हे घरी पोहोचल्यावर आठवले. आमच्या घरात रेंज येत नाही. ती खळ्याच्या टोकाला, तुळशीजवळ येते. सकाळी तिथे लॅपटॉप उघडा धरून मी उभा असताना आईने दोनदा विचारले, पूजा करतो आहेस की काय.