तुम्ही विचारलंत म्हणून: मिल बंद पडली, हे आप्पांना का सांगत नाही?

हा प्रश्न मला बहुतेक वेळा दारात, चपला घालता घालता विचारला जातो. तोवर पाहुण्यांनी आप्पांचं ‘डबा भरा, दुसऱ्या पाळीला जायचंय’ ऐकलेलं असतं आणि माझं ‘आज सुट्टी आहे आप्पा’ हेही. मग हळू आवाजात: ‘सरळ सांगून टाका की ओ. बापाशी खोटं कशाला बोलायचं?’

आप्पा सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू कापड मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. मिल नव्वदच्या दशकात बंद पडली. आता त्यांना अल्झायमर आहे.

खरं सांगितल्यावर काय होतं, ते एका नातेवाइकानंच आम्हाला दाखवलं. ‘अहो, मिल कधीच गेली, तिथं काय राहिलंय आता!’ आप्पांचा चेहरा खर्रकन उतरला. ‘मग आमची ग्रॅच्युइटी?’ एवढंच म्हणाले. चहा येईपर्यंत मिलचं बोलणं विसरले, पाहुणे कोण हेही विसरले. पण रात्री कडक भाकरी आमटीत कुस्करून ठेवली आणि घास न घेता ताटावरून उठले. काय झालं विचारलं, तर सांगता येईना. कशानं तरी पोटात कालवत होतं. कशानं, ते गेलं होतं.

आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 साली हेच तपासलं होतं. अल्झायमरच्या रुग्णांना त्यांनी दुःखाच्या आणि आनंदाच्या चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते रुग्ण लवकरच विसरले, मनावरचा परिणाम मात्र त्यानंतरही राहिला. नवी आठवण पक्की करणारा मेंदूतला भाग, हिप्पोकॅम्पस, या आजारात सुरुवातीलाच झिजायला लागतो. म्हणून आज सांगितलेलं उद्या त्यांना माहीत नसतं, आणि परत सांगितलं तर तो धक्का पुन्हा पहिलाच. असलं खरं रोज सांगायचं कुणासाठी? सांगणाऱ्याच्या समाधानासाठी, असं माझं मत झालंय.

बरं, ‘सुट्टी आहे’ हे माझं अगदी शेवटचं उत्तर. आधी मी विचारतो, ‘आज किती साचे दिलेत?’ मग गाडी सुरू होते. एक साचा सारखा धागा तोडतो, जॉबर (खात्याचा मुकादम) लक्ष देत नाही, वगैरे. बोलता बोलता अंगावरच्या चादरीच्या दशा हातात येतात. बोट जिभेला लावायचं, दोन धागे चिमटीत धरायचे, अंगठ्यानं वळवून गाठ मारायची, उरलेलं टोक दातानं तोडायचं. नातवाचं नाव आठवत नाही, ही गाठ मात्र न बघता बसते. हातात मुरलेली कामं मेंदू वेगळ्या वाटेनं जपतो आणि ती बरीच उशिरा जातात. आमच्या घरात आता एकाही चादरीच्या दशा मोकळ्या नाहीत. पाहुण्यांसाठी घेतलेली नवी कोरी जेकार्ड चादरसुद्धा सुटली नाही.

आणि ‘मिलला जायचंय’ म्हणजे दर वेळी मिलच असते असंही नाही. लघवीला लागलेली असते, गुडघा दुखत असतो, भूक असते. हे सगळं दिवस कलताना वाढतं. म्हणून अंधार पडायच्या आधीच आम्ही सगळे दिवे लावतो. कोपऱ्यातल्या सावल्यांनी ते बिथरतात.

खोटं कुठं बोलत नाही, तेही सांगतो. ‘मला काय झालंय रे?’ असं कधी डोळ्यांत बघून विचारतात, तेव्हा ‘विसरायचा आजार आहे, आम्ही आहोत’ असं सांगतो. कागदावर सही किंवा अंगठा काहीतरी गोड बोलून घेत नाही. आणि ‘तुझी आई कुठंय?’ याला माझ्याकडं उत्तर नाही. आई जाऊन बरीच वर्षं झाली. बहीण ‘अक्कलकोटला गेलीय’ म्हणते. मला ते जमत नाही. मी ‘आठवण येतीय का?’ विचारतो. कधी ते ‘हो’ म्हणतात, कधी मलाच ‘तुम्ही कोण?’ म्हणतात.

एक मात्र कळकळीनं. म्हाताऱ्या माणसाचं विसरणं बघून घरीच ‘अल्झायमर’ ठरवू नका. बी-12 कमी असणं, थायरॉइड, ऐकू न येणं, नैराश्य, यांनीही तसंच दिसतं आणि त्यांवर उपाय आहेत. माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आप्पांना भिंतीवर माणसं दिसायला लागली, तेव्हा सगळे ‘आजार वाढला’ म्हणाले. निघालं लघवीचं इन्फेक्शन. औषधानं भिंतीवरची माणसं दिसायची थांबली.

खरं तर जो प्रश्न कुणी विचारत नाही, तो माझ्या बायकोबद्दलचा. दिवसभर आप्पांजवळ ती असते. मागं तिला झोप लागेना, उगाच रडू यायचं, तेव्हा 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, फुकट नंबरवर ती मराठीतच बोलली. त्यानंतर तिनं ठरवून टाकलं: रविवारी दुपारी बहीण येऊन आप्पांजवळ बसणार आणि ही बाहेर जाणार. कुठं, ते तिनं आम्हाला सांगितलेलं नाही. आम्हीही विचारत नाही.