मक्याचा पहिला ट्रक स्टार्च कारखान्यात देताना

सिल्लोड तालुक्यातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने २०२४ च्या खरिपाचा मका बाजार समितीत न नेता थेट स्टार्च कारखान्याला द्यायचे ठरवले, आणि कारखान्याच्या फाटकापासून रक्कम खात्यावर जमा होईपर्यंतची सगळी जबाबदारी संचालक मंडळाने माझ्यावर सोपवली. आपला मका पुढे कुठे जातो असे आमच्या भागात कोणाला विचारले, तर कोंबडीखाद्यात, एवढेच उत्तर बहुधा मिळते. त्याच दाण्यातले पिष्ट, म्हणजेच स्टार्च, यंत्रमागावरच्या ताण्याला खळ म्हणून लागते, पुठ्ठ्याच्या खोक्याचे पदर चिकटवते, औषधाच्या गोळीला घट्टपणा देते आणि लिक्विड ग्लुकोज होऊन मिठाईत उतरते, हे मलाही नीट समजले ते त्या हंगामातच.

वर्षही निराळे होते. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने निर्बंध घातल्यापासून आसवन्या मक्याकडे वळल्या होत्या, त्यामुळे कोंबडीखाद्य, स्टार्च आणि इथेनॉल असे तीन गिऱ्हाइक एकाच ढिगासमोर उभे होते. हमीभाव क्विंटलला २२२५ रुपये होता. स्टार्चवाल्यांना माल हवा होता. पण कसाही नको होता, आणि आमची चूक नेमकी तिथे झाली.

नोंदणीची कागदपत्रे आठवड्यात पूर्ण झाली. त्यानंतर कारखान्याने १४ टक्के ओलाव्याची अट कळवली. परतीच्या पावसात सापडलेली कणसे मळल्यावर दाण्यात १८ टक्के ओलावा निघत होता. ढगाळ हवेत उन्हाची वाट पाहण्यापेक्षा आम्ही भाड्याचे वाळवणी यंत्र आणले आणि ते लवकर उरकावे म्हणून गरम हवा पूर्ण सोडली. एका रात्रीत ओलावा १३ टक्क्यांवर आला. ट्रक भरला तेव्हा आम्हा सगळ्यांना मोठे समाधान वाटले होते.

फाटकावर वजनकाटा झाल्यावर माणसे परखी, म्हणजे गोणीत खुपसून दाणे काढायची टोकदार नळी, घेऊन ट्रकवर चढली आणि वरच्या, मधल्या व तळच्या गोण्यांतून नमुने काढून प्रयोगशाळेत घेऊन गेली. दुपार टळली तरी पावती हाती येईना, म्हणून मी आत चौकशी केली. तिथल्या रसायनतज्ज्ञ बाईंनी मला टेबलाजवळ बोलावले आणि म्हणाल्या, “काका, ओलावा बरोबर आहे, पण तुमचा दाणा भाजला गेलाय.” त्यांनी दाणे दिव्यासमोर धरले, आत केसासारख्या चिरा होत्या, आणि बाहेरून पाहता त्या मला कधीही दिसल्या नसत्या.

त्यानंतर त्यांनी दिलेली माहिती मी वहीत उतरवून घेतली, कारण ती ऐकल्यावर सगळा व्यवहारच माझ्यासाठी बदलला. कारखान्यात मका आधी दळत नाहीत, भिजवतात. सुमारे ५० अंश तापमानाच्या, थोडा सल्फर डायऑक्साइड मिसळलेल्या पाण्यात तो ३० ते ५० तास राहतो आणि तेवढ्या वेळात पिष्टकणांना धरून बसलेले प्रथिनांचे जाळे सैल होते. मग दाणा नुसता भरडतात. तेलामुळे हलका असलेला अंकुर वेगळा निघतो, चाळण्यांवर कोंडा राहतो, आणि उरलेल्या दुधासारख्या पाण्यातून जड पिष्ट व हलके ग्लुटेन, म्हणजे मक्यातले प्रथिन, वेगाने फिरवून निरनिराळे करतात. वाळवताना दाण्याचे तापमान साधारण ६० अंशांच्या पुढे गेले, तर ते प्रथिनांचे जाळे आवळून बसते. मग कितीही भिजवले तरी पिष्ट पुरते सुटत नाही आणि ग्लुटेनबरोबर वाहून जाते. शंभर किलो कोरड्या मक्यातून साधारण पासष्ट किलो स्टार्च निघावा या हिशेबावर कारखान्याचा दर ठरतो. आम्ही मका विकायला गेलो होतो, ते मात्र त्यातले सुटणारे पिष्ट विकत घेत होते.

फुटक्या दाण्यांची अटही तशीच सकारण निघाली. फुटलेल्या दाण्यातले पिष्ट भिजवणीच्या टाकीतच बाहेर पडते, पाणी दाट होते आणि पुढे जाळ्या तुंबतात. बुरशीच्या दाण्यांविषयी तर त्या फार कडक होत्या. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष स्टार्चमध्ये अगदी थोडे उतरते, पण कोंडा, ग्लुटेन आणि अंकुराची पेंड यांत ते साठते, आणि हा सगळा माल पशुखाद्य म्हणून विकला जातो. या जोडमालाच्या विक्रीशिवाय स्टार्चचा धंदा परवडत नाही, हे ऐकून मला या उद्योगाविषयी आदर वाटला. दाण्याचा कोणताही भाग तिथे वाया जात नाही.

तो ट्रक नाकारला गेला. माघारी आणण्यापेक्षा वाटेतल्या एका खाद्यनिर्मात्याला आम्ही तो कमी दराने दिला आणि भाड्याचा भुर्दंड सोसला. सभासदांच्या बैठकीत मी हे जसे घडले तसे सांगितले.

दुसऱ्या खेपेला ताडपत्रीवर पातळ थर पसरून, दिवसातून चार वेळा दाताळ्याने हलवून मका वाळवला, आणि ढगाळ दिवशी यंत्र लावले तरी हवा कोमट ठेवली. फुटके दाणे चाळून काढले, काळपट कणसे मळणीआधीच बाजूला केली. यात आठ दिवस गेले आणि नवा वाद निघाला: २५० क्विंटल माल वाळवून २३८ क्विंटल भरला, मग उरलेला गेला कुठे? मी फळ्यावर हिशेब मांडला. दोन्ही वेळी कोरडा मका २०५ क्विंटलच होता, गेले ते फक्त पाणी. आणि त्या पाण्याचे पैसे कोणताही कारखाना देणार नव्हता. दोन ज्येष्ठ शेतकऱ्यांनी तो हिशेब माझ्याकडून पुन्हा करवून घेतला आणि मगच मान्य केला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हा ट्रक कारखान्यात पोचला. तीन तासांनी पावती मिळाली: ओलावा १३.६, फुटक्या दाण्यांपोटी किरकोळ कडता (कपात), बाकी माल मंजूर. पंधराव्या दिवशी रक्कम जमा झाली. त्या पैशातून पहिली खरेदी आम्ही केली ती एका परखीची आणि दाण्याच्या ढिगात खोचायच्या तापमापकाची. रब्बीचा मका मार्चअखेर येऊ लागला, तेव्हा दोन्ही वस्तू खळ्यावर हजर होत्या.