आमची वाटचाल : स्क्वामिशमधलं चाकांचं वर्कशॉप

आमच्याकडे नवी सायकल मिळत नाही, हे आधीच सांगतो. चाकं बांधणं, फोर्क आणि शॉकची (पुढचे-मागचे धक्के झेलणारे भाग) सर्व्हिस, ब्रेक, बस. एके काळी सायकलीही विकत होतो. त्या विकणं का थांबलं, तेच सांगायला बसलोय.

स्क्वामिश म्हणजे कॅनडात, व्हँकूवरपासून उत्तरेला तासाभरावर. गाव मूळचं लाकडाचं. आधी आरा गिरणी गेली, मग 2006 मध्ये खाडीपलीकडच्या वुडफायबर गावची लाकडाच्या लगद्याची गिरणी. ज्या डोंगरातून ओंडके उतरायचे, तिथून आता सायकली उतरतात. सुट्टीच्या दिवशी ‘हाफ नेल्सन’ या सायकलच्या डोंगरवाटेवर अख्खं व्हँकूवर लोटतं आणि सोमवारी त्यांच्या वाकड्या रिमा माझ्या स्टँडवर.

चाकाचा आऊट काढायला मी पुण्यात वडिलांच्या दुकानात शिकलो. इथे सुरुवात केली ती पाजींच्या गॅरेजमध्ये. या गावात पंजाबी मंडळी गिरण्यांच्या कामासाठीच आली, पाजीही त्यातलेच. करवतीच्या पात्याला धार आणि ताण देणं हे त्यांचं काम. पात्यावर पट्टी धरून खालून येणाऱ्या उजेडाच्या फटीवरून ते फुगवटा हेरत आणि तिथेच हातोडी मारत. माझं चाक फिरताना बघत उभे राहायचे. मी स्पोकचा ताण मोजणारा टेन्शन मीटर लावेपर्यंत त्यांचं बोट स्पोकवर टेकलेलं असायचं, “इत्थे.” मीटर बहुतेक वेळा तेच सांगायचा. नातवाच्या सायकलीपासून गुरुद्वाऱ्यातल्या पोरांच्या सायकलींपर्यंत सगळं गिऱ्हाईक त्यांनीच आणलं.

2020 मध्ये जिम बंद झाल्या आणि जो तो सायकल मागायला लागला. चेन मिळेना, कॅसेट (मागच्या चाकाची गिअरची चक्रं) मिळेना. आमच्या डिस्ट्रिब्युटरने सांगितलं, पुढच्या दोन सीझनचा माल आत्ताच बुक करा, नाहीतर रांगेतून नाव जाईल. ऑर्डर रद्द होणार नाही, ही अट कागदावर होती. मीच काय, सगळ्यांनी सही केली. माल आला 2022 संपता संपता, तोही सगळा एकदम. खोकी छताला टेकली. तोवर लोक पुन्हा विमानात बसायला लागले होते.

मग हायवेजवळच्या मोठ्या दुकानाने (नाव घेत नाही, गावाला माहीत आहे, कॉफी चांगली असते म्हणे) तीच मॉडेलं चाळीस टक्के सवलतीत काढली. माझ्या खरेदीच्याही खाली! डिस्ट्रिब्युटरला फोन केला तर म्हणतो, बाजाराची परिस्थिती. त्या दुकानाचा उरलेला माल मात्र त्याने परत घेतला. मला म्हणाला, तशी पद्धत नाही. ती ईमेल मी छापून ड्रॉवरमध्ये ठेवली आहे.

बँकेची पत्रं यायला लागली. व्हॅन विकली. बायकोच्या पगारावर घर चाललं. पाजींनी त्या हिवाळ्यात भाडं घेतलं नाही आणि एवढंच म्हणाले, “बक्से बेच दे, पाना रख ले.” खोकी तोट्यात काढली. पुढची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

नवीन दुकान काढणाऱ्यांनो, माल परत घेण्याची अट लेखी घ्या, तोंडी कितीही गोड बोलले तरी. आणि चालवणाऱ्यांनो, इथे ऑक्टोबरपासून पाऊस लागला की ग्रॅनाइटची कच पाण्यात कालवून ब्रेकचे मऊ ऑरगॅनिक पॅड खाऊन टाकते, सिंटर्ड म्हणजे धातूचे घाला. फोर्क दिसायला स्वच्छ असला तरी पन्नास तासांनी खालचे पाय उघडून तेल बदला. प्रेशर वॉशर बेअरिंगवर मारू नका, ग्रीस निघून जातं आणि मग “नवीच होती हो” म्हणत आमच्याकडे येता.

त्या मोठ्या दुकानात चाक बांधणारा कारागीर टिकत नाही. त्यांची चाकं आता आमच्याकडेच येतात. काम चोख करून देतो. बिल भरायला मात्र ते अजून महिना-महिना लावतात.