घंटा परत आणलीस का?

वसईतल्या भुईगावला मित्राच्या ओटीवर पिशवी टेकवतोय तोच काकांनी विचारलं, "काय रे, घंटा परत आणलीस का?"

मी वाईचा. मेणवलीच्या घाटावरची ती भलीमोठी पोर्तुगीज घंटा लहानपणापासून पाहतोय. तिच्यावर १७०७ साल आहे, बाळाला घेतलेली मरियामाता आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, त्या विजयाची तिथून आणलेली ही खूण. शाळेत हे सांगताना छाती फुगायची. वसईतच बसून ऐकताना मात्र मी चहाच्या कपात बघत राहिलो. काका हसत होते, तेवढं बरं.

तारीख २४ डिसेंबर, नाताळचा आदला दिवस. एसटी, मग विरार लोकल, मग गावची बस. अंग आंबून गेलं होतं. पण घरात पाहुणचाराला कुणाला वेळ नव्हता. काकूंनी मला सरळ नारळ खवायला बसवलं. मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि ताडी घालून फुग्यांचं, म्हणजे नाताळच्या तळलेल्या गोल पावांचं, पीठ भिजत पडलं होतं. घरात आपसात कादोडी ही वसईची बोली चालते, माझ्याशी बोलताना मराठी. दोन्हीत मला सूचनाच मिळत होत्या.

अंगणात येशूजन्माचा गोठा सजला होता. पेंढा, माती, मेंढरं, सगळं जागच्या जागी, फक्त गव्हाणी रिकामी. "बाळ अजून जन्मलं कुठंय?" घरातली सर्वांत धाकटी पोर मला समजावत होती. मूर्ती ठेवायचा मान तिचा.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली नाताळची उपासना, पूर्वी मध्यरात्रीची असे. आता उघड्यावरच्या भोंग्यांना रात्री दहाची मर्यादा, त्यामुळे ती लवकर उरकते. आजींना ते अजूनही पटलेलं नाही. सगळी प्रार्थना मराठीत, गाणीही मराठीत. मध्येच घंटा वाजली आणि काकांनी हळूच माझ्याकडे पाहिलं.

पहाटे फुगे तळायला घेतले. मूठ दाबायची, अंगठा आणि तर्जनीमधून वर येणारा गोळा उचलून तेलात सोडायचा. माझ्या हातून फुग्याऐवजी शेपट्या निघाल्या. आजींनी त्या वेगळ्या ताटात काढल्या, "वाईकरांचे" म्हणून. पोरांनी आधी तेच ताट संपवलं. बाकीच्यांनी फुग्यांबरोबर इंद्याल, म्हणजे मांसाचा मसालेदार रस्सा, घेतला. मी मांस खात नाही, मी आपला फुगा चहात बुडवून खाल्ला. कुणी नाक मुरडलं नाही.

दुपारी वसईच्या किल्ल्यात गेलो. सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यावर पिंपळ रुजलाय. घंटेची जागा मी बघितली, काही बोललो नाही.

निघताना काकूंनी नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, स्टीलचा डबा दिला. झाकणावर काकांचं नाव कोरलेलं, म्हणजे डबा परत द्यायलाच हवा. वाईला आईने तो घासून ठेवलाय. रिकामा पाठवायचा नाही, हे घरात न सांगता ठरलेलं. घंटा काही त्यात मावणार नाही. कंदी पेढे मावतील.